कथील आणा, पण काडी देऊ नका

राजा दुर्धराच्या पानात सलग नवव्या दिवशी हिरवी कढी आली. मुदपाकखान्यातल्या पितळी भांड्यांची कल्हई उडाली होती, त्यामुळं त्यांत ताक घातलं की कळकून हिरवं पडायचं. दरबारी मंडळी भुरके मारून "वा, काय रंग!" म्हणत आणि मागच्या दारानं वैद्याकडे धावत. दहाव्या दिवशी राजाचंच पोट बिघडलं आणि त्यानं कल्हईवाल्या धोंडिबाला तुरुंगात टाकलं.

धोंडिबाची लेक ठकू तडक दरबारात गेली. बापाचा काही दोष नाही, कल्हईचं सामानच राज्यात उरलेलं नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं. कथील मिळतं पूर्वेच्या राज्यात आणि ते भांड्याला धरायला लागणारा नवसागर पश्चिमेच्या.

"मग दोन्ही आण," राजा म्हणाला. "आठ दिवसांत आणलंस तर बाप सुटेल. पण बदल्यात आपली काडीसुद्धा हद्दीबाहेर जाता कामा नये."

हा हट्ट जुना होता. राजाच्या आजोबांनी शेजाऱ्याला एक आंबा भेट दिला, शेजाऱ्यानं कोय पेरली, आणि आता तो मेला घरचेच आंबे खातो, हे दुःख घराण्यात तीन पिढ्या चाललं होतं. करार लिहून पाठवायचीही सोय नव्हती, कारण कागद राज्यातला. तेव्हा ठकू आळीपाळीनं दोन्ही सीमांवर उभी राहिली आणि पलीकडच्या वकिलांशी ओरडून ओरडून बोलली. तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला, पण करार झाला.

पाचव्या दिवशी बैलगाड्या आल्या. पूर्वेकडे कथलाच्या खाणी होत्या, पण कल्हई करणारा एक माणूस नव्हता. पश्चिमेकडे नवसागराचे ढीग, आणि रड तीच. दोघांनी आपापली काळीठिक्कर भांडी पाठवली, सोबत आपापला माल. ठकूनं भाता ओढला, भांडी तापवली, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं. चार भांड्यांमागे एका भांड्यापुरता माल इथं ठेवायचा, असं ठरलं होतं. त्यात राजवाड्याची सगळी भांडी उजळली.

आठव्या दिवशी गाड्या परत निघाल्या, तर राजा स्वतः नाक्यावर आडवा. त्यानं एक पातेलं उचलून उन्हात धरलं.

"ही चकाकी आपल्या राज्यातली."

"त्यांच्याच कथलाची आहे, महाराज."

राजानं पातेलं गाडीत परत ठेवलं. मग म्हणाला, "आणि मेहनत? ती तर इथलीच. ती भांड्यांबरोबर बाहेर चालली. बाप आतच राहील."

ठकूनं हात जोडायला उचलले, ते छातीपर्यंतही येईनात.

"मेहनत कुठं गेलीय, महाराज? सगळीच्या सगळी माझ्या खांद्यांत बसलीय. खोटं वाटत असेल तर उद्या दिवसभर भाता तुम्ही ओढा. संध्याकाळी वैद्याला दाखवा, मेहनत पूर्वेला गेली की पश्चिमेला!"

राजानं नकळत स्वतःचे खांदे चाचपले आणि नाक्यावरच खदाखदा हसत सुटला. त्याच घटकेला धोंडिबा सुटला, आणि ठकूला दोन्ही राज्यांकडची वकिली मिळाली, वर सीमेवरची दहा बिघे जमीन इनाम.