केरबाचं कार्ड आणि हौसाबाईंचा गुडघा

मला सांगा, दुखणाऱ्या गुडघ्याचा पासपोर्ट फोटो काढता येतो का? तुम्ही हसाल. पण आमच्या केरबाने काढला. एक नाही, आठ काढले.

एका गावात एक भोळा पाणी सोडणारा होता, तोच हा केरबा. रोज पहाटे पाचला तो टाकीखाली जायचा आणि लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा. आधी वरच्या आळीचं पाणी, मग ते बंद करून खालच्या आळीचं. एकोणतीस वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नव्हता. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचं, एवढं एकच त्याला येत होतं.

महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता. आणि त्याच्या बायकोचा, हौसाबाईंचा, डावा गुडघा कामातून गेला होता. त्यांना उंबरा ओलांडायचा तर भिंत धरावी लागे. दवाखान्यातले मगदूम डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. पण पुढच्या तपासण्या तुमच्या निवृत्तीनंतर येतील. तेव्हा आधी उपचारांचं सरकारी कार्ड काढा, मग ऑपरेशन."

केरबा नगरपंचायतीत गेला. तिथल्या शेडबाळे मॅडम कार्डांचं काम बघायच्या. त्यांनी त्याला समोर बसवून नीट समजावलं.

"मामा, नोकरीतली उपचारांची सोय एकतीस तारखेला संपणार. त्यानंतर तुम्हाला रेशनकार्डावरची योजना. आणि सत्तरी ओलांडली की वयस्करांची वेगळी योजना आहे, ती तेव्हा बघू. कळलं?"

केरबाने थोडा विचार केला. "म्हंजे वरच्या आळीचं बंद झालं की खालच्या आळीचं सोडायचं."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. त्यांना वाटलं, हा माणूस हुशार आहे. त्यांची चूक तिथेच झाली.

केरबाने रेशनकार्डाची झेरॉक्स पुढे केली.

"झेरॉक्स चालत नाही, मामा. मी जे मागेन ते मूळ आणायचं."

केरबाने मान डोलावली. पक्कं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने मूळ रेशनकार्ड आणलं, मूळ आधारकार्ड आणलं. मॅडम खूश झाल्या. "आता फक्त मामींचा फोटो आणा."

केरबा घरी आला. फोटो भिंतीवर होता. पण फोटो म्हणजे काय, माणसाची झेरॉक्सच की. मॅडम तर मूळ मागतात.

सकाळी अकरा वाजता केरबा नगरपंचायतीचे दोन जिने चढून वर आला. पाठीवर हौसाबाई होत्या.

"अवो, खाली ठेवा मला, लोक बघत्यात," हौसाबाई त्याच्या कानात म्हणत होत्या.

"गप बस. तू मूळ हाईस."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अहो मामा, हे काय? दुखणाऱ्या माणसाला असं उचलून आणतात का? त्यांना घरी राहू द्या. फोटोवर काम होतं."

केरबाने मान डोलावली. पक्कं ध्यानात ठेवलं. हौसाबाईंना पुन्हा पाठीवर घेतलं आणि दोन जिने उतरला. संध्याकाळी भिंतीवरचा फोटो नेऊन दिला.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी गुडघा तपासायला बोलावलं. केरबाने आता चूक करायची नाही असं ठरवलं होतं. त्याने गल्लीतल्या फोटोवाल्याला घरी आणलं, मागे पांढरी चादर धरली आणि गुडघ्याचे आठ फोटो काढून घेतले. ते पाकिटात घालून तो दवाखान्यात गेला.

डॉक्टरांनी पाकीट उघडलं. "हे काय आहे?"

"गुडघा. डावा."

"आणि बाई कुठायत?"

"घरी. दुखणाऱ्या माणसाला कशाला उचलून आणायचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा मामा, फोटो दाबला तर ओरडतो का? जे दुखतं ते माझ्यासमोर पाहिजे. मला चेहरा नाही बघायचा, मला गुडघा बघायचाय. तो उघडा करून समोर ठेवायचा. समजलं?"

केरबाने मान डोलावली. पक्कं ध्यानात ठेवलं. रिक्षा करून हौसाबाईंना आणलं. डॉक्टरांनी गुडघा बघितला आणि एकतीस तारीख दिली. "पण कार्ड त्याआधी हातात पाहिजे. कार्ड नाही तर तारीख पुढे जाईल."

कार्डाचं शेवटचं काम राहिलं होतं. माणसाला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसवायचं. मॅडम मनाने चांगल्या. पुन्हा जिन्याचा खेळ नको म्हणून त्या स्वतःच खाली पारावर आल्या. "मामा, मामींना नीट बसवा. कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे."

केरबाने हौसाबाईंना पारावर बसवलं. मग त्यांचा पदर ओढून तोंड पार झाकून टाकलं आणि डावा गुडघा उघडा करून कॅमेऱ्यासमोर धरला.

पारावर नऊ-दहा माणसं होती. सगळी एकाएकी दुसरीकडे बघू लागली. पदरातून हौसाबाईंचा हात बाहेर आला आणि केरबाच्या पाठीत बसला.

"मामा," मॅडम हळूच म्हणाल्या, "सरकार माणसाला तोंडावरून ओळखतं."

पदर सरकवून तोंड उघडं केलं. ते रागाने लाल झालेलं होतं, पण कॅमेऱ्याने ओळखलं. कार्ड निघालं.

तीस तारखेला दुपारी केरबा कार्ड घेऊन डॉक्टरांपुढे उभा राहिला. डॉक्टरांना आता केरबा चांगलाच माहीत झाला होता. त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"उद्या सकाळी नऊला ऑपरेशन. रात्री जेवण झालं की नंतर काही नाही. सकाळी पाण्याचा थेंबसुद्धा नाही. थेंब जरी पोटात गेला तरी ऑपरेशन रद्द. त्यांनी मागितलं, रडल्या, चिडल्या, तरी पाणी मिळता कामा नये. ही जबाबदारी तुमची."

केरबाने तीनदा विचारलं, डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. केरबाने मान डोलावली.

परत येताना त्याला नगरपंचायतीच्या दारावर नवा फलक दिसला. 'एकोणतीस वर्षे एक दिवसही पाणी न चुकवणारे आपले केरबा, यांचा उद्या सकाळी अकरा वाजता सत्कार.' केरबाने तो वाचला. पण त्याचं मन पाण्यात होतं.

घरी येऊन त्याने हंडा रिकामा केला. कळशी पालथी घातली. देवापुढचं फुलपात्रसुद्धा उपडं ठेवलं.

"आता कसं," तो म्हणाला.

हौसाबाई म्हणाल्या, "नका काळजी करू. सकाळी नळ येईल की. मी आपलं सवयीनं ओंजळभर..." आणि त्यांनी जीभ चावली.

केरबा दचकला. नळ तर त्याच्या ध्यानातच नव्हता. हिला पहिल्या धारेचं पाणी प्यायची तीस वर्षांची सवय. आपलं घर खालच्या आळीत. खालच्या आळीचं बंद ठेवावं, तर ही भिंत धरत वरच्या आळीत बहिणीकडे जाईल.

त्याने बराच वेळ विचार केला. मग लांब दांड्याची चावी खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळली आणि दवाखान्याच्या पिशवीत, कार्डाशेजारी, नीट ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईंचं ऑपरेशन ठरल्या वेळेला झालं आणि गावातल्या एकाही नळाला पाणी आलं नाही.