कंदाचं डोकं

"नवी सून माहेरासाठी कंद चोरून पुरून ठेवते गं," साळिंदरांच्या बिळाबाहेर सासू आपल्या लेकीला हळूच सांगत होती. आत सुनेला झोप लागली नव्हती. तिने काटे मिटून घेतले.

डोंगरावर पायवाट व्हायच्या आधीची ही गोष्ट. सून पलीकडच्या डोंगरावरून आली होती. तिकडे रानकंद उकरला की खालचा भाग खायचा, वेलाकडचं डोकं परत खड्ड्यात ठेवायचं आणि वर माती लोटायची, अशी रीत. सासरी मात्र कंद डोक्यासकट फस्त करून पुढचा वेल शोधायचे. नव्या नवरीने तोंड कसं उघडायचं, म्हणून ती आपल्या वाटणीच्या कंदाचं डोकं गुपचूप पुरायची.

हिवाळा सरताना उतारावर एकच वाळका वेल उरला. सगळे तिथे जमले. सासूने कंद उकरला. सुनेने त्याचं डोकं तोडून खड्ड्यात ठेवलं, तशी सासूने त्यावर पंजा ठेवला.

"घरचे उपाशी, आणि तुझं माहेर अजून सुटत नाही?"

"तिथले सगळे उगाच नाहीत एवढे गुबगुबीत," नणंद म्हणाली.

 सून हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, माझा वाटाही तुम्हीच खा. एवढं डोकं तेवढं मातीत राहू द्या. पावसात इथूनच वेल फुटतो. तो कंद धरेल, तोवर माझ्या पोटातल्या तुमच्या नातवंडाला दात आलेले असतील."