खवलीची रहस्यकथा

माणसांनी रानात पायवाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. दरवर्षी थंडी सरली की वडाखाली रहस्यकथांची सभा भरे आणि सर्वांत सरस कथेला म्हातारं कासव मोरपीस देई. खवली नावाच्या खवलेमांजरीला त्या मोरपिसाची फार ओढ होती. दुसऱ्या कुणाकडे ते दिसलं की तिचा जीव तुटायचा.

एका वर्षी तिला खरोखर छान कथा सुचली. खंड्या पक्ष्याची अंडी बिळातून नाहीशी होतात आणि चोर काही सापडत नाही. पण सभेपर्यंत तिला धीर धरवेना. तिने शेजारच्या सशाला शेवट सांगून टाकला, "पूर येणार हे ओळखून बापानेच ती हलवलेली असतात. चांगली झालीय ना?"

ससा थक्क झाला. तिला इतकं बरं वाटलं की तिने खारीला सांगितलं, मग हरणालाही.

सभेत ती कथा सांगू लागली, तर मागून कुणीतरी पुटपुटलं, "बापानेच नेली." मोरपीस साळिंदराला मिळालं.

"आजोबा, माझी कथा वाईट होती का?" तिने कासवाला विचारलं.

"छान होती गं. पण आमच्यासाठी तू काही शिल्लकच ठेवलं नव्हतंस."

पुढच्या वर्षी सशाने विचारलं, "यंदा काय?"

"वाघिणीचं पिल्लू हरवतं."

"मग? कोण नेतं?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं. सशाचा तो थक्क चेहरा तिला पुन्हा पाहायचा होता. तिने डोकं पोटाशी घेतलं, शेपटी अंगावर ओढली आणि खवल्यांचा घट्ट गोळा होऊन पडून राहिली. पिल्लू कोण नेतं हे कळल्याशिवाय ससा मात्र जागचा हलेना.