हैबतीचं धोंड्याचं जेवण

कोण्या एका गावात एक भोळा जावई होता. जावई तसे गावोगाव असतात, भोळा एखाद्याच गावाच्या वाट्याला येतो. हा टाकेवाडीच्या वाट्याला आला. नाव हैबती. नाव ठेवणाऱ्याचं काहीतरी चुकलं असावं, कारण याला बघून कोंबडीसुद्धा वाट सोडत नसे. हाच तिला वळसा घालून जाई.

हैबती कामाला वाघ होता. सांगाल ते करी. अडचण तीच होती. सांगाल ते करी.

गावात लखूशेठचं किराणा दुकान होतं. आता दुकानदाराचं तोंड चालतं असावं लागतं. नुसतं वजन करून पुडी बांधून दिली, तर गिऱ्हाईक उद्या शेजारच्या दुकानात दिसतं. मीही जन्म तराजूमागं काढलाय म्हणून सांगतो. कुणी गिऱ्हाइकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, कुणी चार शेंगदाणे. लखूशेठ एखादं नवल ठेवी. "मध नीट झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं नासत नाही बरं का." "घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते सगळी मान फिरवतं." लोक "आँ!" करत, मीठ-मिरची घेऊन निघत आणि घर येईपर्यंत विसरून जात.

हैबती विसरत नसे.

एकदा लखूशेठ म्हणाला, "घोडा उभ्याउभ्या झोप काढतो. तो आडवा पडला आणि उठेचना, की समजावं पोटात कळ आली."

त्याच दुपारी हैबतीचे सासरे दाजीबा चिंचोलीहून लेकीला भेटायला आले. उन्हातून चालत आले होते. पोटभर जेवले आणि ओसरीवर कलंडले. हैबती रानातून आला. बघतो तर सासरे आडवे. हलेनात. तोंड उघडं.

हैबती तसाच पळत ढोरांच्या वैद्याकडं गेला. ओवा-हिंगाचा काढा आणला आणि बैलाला औषध पाजायची बांबूची नळी आणली.

दाजीबांना जाग आली तेव्हा नळी तोंडात होती, काढा नाकात होता आणि जावई छातीवर होता.

"अवो, काय करताय?" हैबतीची बायको सुगंधा आतून धावत आली.

"घाबरू नगंस," हैबती म्हणाला. "तू निस्ते मागचे पाय धर."

दाजीबा त्याच पावली लेकीला घेऊन चिंचोलीला निघाले. जाताना नाक पुसत म्हणाले, "ह्याला माणसांत वागायची अक्कल येईल, त्या दिवशी पोरगी धाडीन."

घर ओकंबोकं झालं. चूल एका बाजूनंच पेटू लागली. म्हैस दूध चोरू लागली. आणि संध्याकाळी "आज काय करून आलात?" असं विचारून कपाळाला हात लावणारं कुणी उरलं नाही. हैबतीला त्या हात लावण्याची फार सवय झाली होती.

अशात अधिक महिना आला. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा थोडं आखूड असतं. ती तूट साठत जाते आणि सुमारे तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जादा घालून भरून काढतात. एवढं आभाळातलं गणित, पण त्याचा फायदा कुणाला, तर जावयाला! आपल्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं. जावई कसाही असो. पंचांगात तशी अट नाही.

दाजीबांचा निरोप आला. "वाण द्यायला बोलावतोय, ते रीत म्हणून. चार माणसांत धड वागला, तर सुगंधा त्याच्यासंगं येईल. न्हाईतर अनारसे घ्यावेत आणि एकट्यानं परत जावं."

हैबती लखूशेठकडं गेला.

"शेठ, अक्कल द्या."

"सुटी देऊ का बांधून?"

"मस्करी नगं शेठ. घरात करमत न्हाई."

लखूशेठनं हातातली पुडी खाली ठेवली. "अक्कल दुकानात नसते बाबा. ती वाटेनं मिळते. लोक फुकट देतात. देतील तेवढी घे. आणि एक ध्यानात ठेव. माणूस आडवा दिसला, तर त्याला हात लावायचा नाही. अंगावर पांघरूण घालायचं आणि पाय न वाजवता पुढं जायचं."

"एवढंच?"

"तेवढं केलंस तरी पुष्कळ झालं."

हैबती धुवट धोतर नेसला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि निघाला.

ओढ्याच्या उतारावर एक सायकल उलटी पडली होती. चाक अजून फिरत होतं. शेजारी खड्ड्यात एक जाडजूड गृहस्थ पालथे होते. ते होते म्हादबा, दाजीबांचे चुलतभाऊ. तेही धोंड्याच्या जेवणाला चालले होते, जरा घाईनं.

"अरे, कोण हाय तिकडं?" म्हादबा विव्हळले.

हैबती थांबला. माणूस आडवा होता. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि म्हादबांच्या अंगावर अलगद पांघरलं. पायाकडून नीट खोचलं. मग ओठांवर बोट ठेवून चवड्यांवर चालत निघाला.

"अरे ए! उपरणं काय घालतोस मुडद्यागत? मी मेलो न्हाई अजून!"

"झोपा, झोपा," हैबती कुजबुजला.

म्हादबा कसेबसे बाहेर आले आणि त्यांनी उपरणं त्याच्या अंगावर फेकलं. "गाढवा, पडलेलं दिसलं की उचलायचं असतं! उचलायचं, झटकायचं, वर पाण्याचा शिपका मारायचा! एवढं कळत न्हाई?"

"आता कळलं," हैबती म्हणाला आणि मनापासून हात जोडून पुढं निघाला. लखूशेठ म्हणाला तसंच होतं. लोक खरंच फुकट देत होते.

चिंचोलीच्या वेशीपाशी तानूबाई म्हातारीचं घर होतं. अंगणात बाजेवर पातळ पसरून तिनं पापड वाळत घातले होते. उडदाचे, मिरी घातलेले. पापडाला ऊन लागतं आणि वारा लागतो. ओलावा तेवढा लागत नाही. तो लागला की पापड पापड राहत नाही, पुन्हा पीठ व्हायच्या वाटेला लागतो. हे हैबतीला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं पाहिलं, कितीतरी बिचारे उन्हात पडलेले.

त्यानं एकेक उचलला. झटकला. काही झटकताना मोडले, त्यांना जास्त लागलं होतं असं त्याच्या मनात आलं. मग रांजणातून तांब्या भरून घेतला आणि सगळ्यांवर गारेगार शिपका मारला.

तानूबाई बाहेर आली आणि दारातच खाली बसली.

"माझं पापाड! अरं भाड्या, काय केलंस हे?"

"आता बरं वाटंल त्यांला," हैबती म्हणाला.

"तुला बरं वाटायचं औषध देऊ का?" म्हातारीनं कोपऱ्यातली काठी उचलली. पण त्याचा चेहरा इतका समाधानी होता की हात काही उठेना. तिनं काठीच त्याच्या हातात कोंबली. "ऐक मुडद्या. खायचं उघड्यावर मांडलेलं दिसलं की पाणी मारायचं न्हाई. काठी घिऊन राखण करायची. कुणी तोंड घालाया आलं की हाकलायचं. लाज धरायची न्हाई. आणि कावळ्याला तर आधी हाकल, त्यो मेला चेहरा ध्यानात ठिवतो आणि दुसऱ्या दिवशी भावकी घिऊन येतो!"

कावळ्याचं ते खरंच आहे बरं का. पण हैबतीच्या मनात राहिला तो भावकी हा शब्द.

काठी घेऊन तो दाजीबांच्या दारी आला. अंगणात मांडव घातला होता. खाली पत्रावळी मांडल्या होत्या. मीठ, लिंबू, कोशिंबीर, पापड वाढून झालं होतं. मधल्या पानाभोवती रांगोळी होती, ते जावयाचं. पंगत अजून बसायची होती. आसपास कुणीच नव्हतं.

हैबतीनं चारी बाजूंना बघितलं. एवढं अन्न, उघड्यावर, आणि राखणीला माणूस नाही.

तो मधोमध काठी रोवून उभा राहिला.

दाजीबा मागच्या दारानं पाहुण्यांना घेऊन आले. "चला, पानं मांडलीत, बसा बसा." सगळ्यांत पुढं लंगडत म्हादबा होते. त्यांनी पानासमोर बूड टेकलं आणि कोशिंबिरीकडं हात नेला.

"हाड!"

म्हादबा दचकले.

"हाड! हाड! ऊठ!" काठी जमिनीवर आपटली. म्हादबा उठले. मागचे पाहुणे मागं सरले. हैबती या टोकाकडून त्या टोकाकडं धावू लागला. सरपंच गुपचूप एक पापड उचलत होते, त्यांच्या बोटांपाशी काठी आली. "हात काढ! भावकी घिऊन आलाय!"

"दाजीबा," म्हादबा लांबूनच म्हणाले, "ह्यानंच मला सकाळी पांघरूण घातलं."

दाजीबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. दारात सुगंधा उभी होती. तिनं कपाळाला हात लावला. हैबतीला ते दिसलं आणि इतक्या दिवसांनी त्याला बरं वाटलं.

"वाण द्या त्याला आणि वाटेला लावा!" दाजीबा गरजले.

पण सासूबाई मधे पडल्या. "घरी आलेला जावई उपाशी जायचा न्हाई. राखणच केली की, चोरी तर न्हाई केली?" त्यांनी हैबतीला बाजूला, पाण्याच्या हंड्यापाशी नेलं. "जावईबापू, नीट ऐका. ही शेवटची संधी हाय. जेवताना कुणी काही द्याया आलं, की लगेच घ्यायचं न्हाई. आधी नको म्हणायचं. पुन्हा म्हटलं, तर पुन्हा नको. मग आग्रह झाला, की मान खाली घालून म्हणायचं, 'बरं, एवढं म्हणताय तर अर्धं द्या.' ह्याला जावयाची अदब म्हणतात. जमंल?"

"जमंल की मामी."

पंगत बसली. सगळ्यांचे डोळे हैबतीवर. काठी सासूबाईंनी मांडवावर टाकली होती.

वाढपी पुरणाचा धोंडा घेऊन आला.

"नको."

"घ्या की."

"नको."

"अवो, घ्या हो पावनं!"

हैबतीनं मान खाली घातली. "बरं, एवढं म्हणताय तर अर्धा द्या."

पंगतीत कुजबुज झाली. दाजीबांची भुवई वर गेली.

भात आला. नको. नको. अर्धाच द्या. कढी आली. नको. नको. अर्धी वाटीच द्या. सरपंच शेजारच्याला म्हणाले, "खानदानी वळण दिसतंय." म्हादबांनीसुद्धा मान हलवली.

मग हैबतीनं ठेच्याचं बोट जिभेला लावलं आणि त्याला ठसका लागला. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, दुधा-तुपानं उतरतो, हे लखूशेठनं एकदा सांगितलं होतं. पण तिखट लागलं की माणूस पाण्याकडंच बघतो. हैबतीचे डोळे भरले, कान तांबडे झाले.

"पाणी घ्या!" चारी बाजूंनी लोक ओरडले.

"न... नको."

"अवो, घ्या!"

"नको," हैबती म्हणाला. घशातून शिट्टीसारखा आवाज आला.

"अरं, मरंल त्यो! घ्या की!"

"बरं... एवढं म्हणताय तर... अर्धा तांब्या द्या."

पंगत खूश झाली. जीव गेला तरी अदब सोडली नाही, असा जावई चिंचोलीनं पाहिला नव्हता. दाजीबा उठले. त्यांच्या डोळ्यांतसुद्धा पाणी होतं. काढा नाकात गेला तेव्हापासून त्यांना ओव्याचा वास येत होता, तो बहुधा त्याच घटकेला गेला. त्यांनी तांब्याचं ताट आणलं. दिवा, अनारसे, वर नवं उपरणं. ताट जावयाच्या हातात दिलं.

"कोण म्हणलं रं माझा जावई खुळा हाय?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग हात जोडले. "जावईबापू, झालं गेलं विसरा. सुगंधाला घिऊन जा."

सुगंधा आत पळाली. गाठोडं बांधलेलंच होतं. ते काखेत मारून ती उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

हैबतीनं मान खाली घातली.

"नको," तो म्हणाला.

वाढप्याच्या हातातली पळी पडली.

"काय म्हणालात?" दाजीबांनी विचारलं. "अवो, लेक माझी. तुमची बायको. न्या म्हणतोय मी."

"नको," हैबती म्हणाला आणि सासूबाईंकडं बघून जरासा हसला. चुकत तर नाही ना, असं.

सासूबाईंनी पदर तोंडात धरला होता. आपण काय शिकवलं ते त्यांना उमगलं, पण बोलायला तोंड मोकळं नव्हतं. दाजीबांचा हात मांडवावरच्या काठीकडं निघाला होता. तेवढ्यात उंबऱ्यावरून सुगंधाच ओरडली, "अवो, घ्या म्हणतायत ना बाबा! घ्या की!"

आग्रह झाला. हैबतीच्या जिवात जीव आला. त्यानं ताट सांभाळत, अदबीनं, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं,

"बरं, एवढं म्हणताय तर अर्धी द्या."

म्हादबा पोट धरून पुन्हा आडवे झाले. या वेळी त्यांच्यावर कुणी पांघरूण घातलं नाही. दाजीबा काठी विसरले आणि खांबाला धरून हसू लागले. सुगंधानं एक हात कपाळाला लावला, दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि चपला घातल्या.

"सगळीच येतेय. पानात वाढलेलं टाकायचं नसतं, एवढं आई सांगायची राहिली वाटतं. चला!"

दुसऱ्या दिवशी हैबती अनारसे घेऊन दुकानात आला.

"काय रे," लखूशेठनं विचारलं, "वाटेनं मिळाली का अक्कल?"

"सगळ्यांनीच देऊ केली शेठ," हैबती म्हणाला. "पर दोनदा नको म्हणलं, आणि तिसऱ्यांदा कुणी आग्रहच केला न्हाई."