चिचुंद्रीचं घुंगरू आणि काकूंचा गरम चहा

चिक्कीचा एक कारखाना होता. मागे होतं बीळ. बिळात कोण? चिचुंद्री आणि तिचं बाळ.

बाळ भारी रडकं. ट्यॅं ट्यॅं! अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. पण चिचुंद्रीच्या शेपटीला होतं घुंगरू. छुन छुन वाजलं, की बाळ गप्प!

एक दिवस चिचुंद्री कारखान्यात गेली दाणे वेचायला. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथे लोखंडी साखळी चिक्कीची ताटं पुढे न्यायची. खडखड, खडखड. घुंगरू निसटलं. टप्प! साखळीतच अडकलं.

खडखड छुन! खडखड छुन!

बिळात बाळ रडायला लागलं. ट्यॅं ट्यॅं!

"साखळीताई, साखळीताई, माझं घुंगरू दे."

"मी कशी देऊ गं? पिन सुटल्याशिवाय मी उघडायची नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पिनबाई, पिनबाई,
साखळी घुंगरू देईना,
बाळ माझं गप्प राहीना!"

पिन म्हणाली, "इश्श! मी आपली आपण सुटू? पक्कड ओढील तेव्हा सुटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पक्कडमावशी, पक्कडमावशी,
साखळी घुंगरू देईना,
पिन काही सुटेना,
बाळ माझं गप्प राहीना!"

पक्कड म्हणाली, "साखळी बघ कशी ताणलीय! आत्ता पिन ओढली तर फाटकन उडेल. तुझं नाक चपटं करील! आधी बोल्ट सैल होऊ दे."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोल्टदादा, बोल्टदादा,
साखळी घुंगरू देईना,
पिन काही सुटेना,
पक्कड पिन ओढेना,
बाळ माझं गप्प राहीना!"

बोल्ट म्हणाला, "चालत्या साखळीत मी सैल होत नसतो. सांगून ठेवतो! आधी लाल बटण आत जाऊ दे."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"बटणराव, बटणराव,
साखळी घुंगरू देईना,
पिन काही सुटेना,
पक्कड पिन ओढेना,
बोल्ट सैल होईना,
बाळ माझं गप्प राहीना!"

लाल बटण म्हणालं, "आणि कुणी वेंधळ्यानं हिरवं बटण दाबून साखळी चालू केली, मग? शेवंताकाकू मला लावायला कुलूप घेऊन येतील, तेव्हाच मी आत जाईन."

शेवंताकाकू म्हणजे मशीनच्या डॉक्टर. साडीवर सदरा, हातात बशी.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेवंताकाकू, शेवंताकाकू,
साखळी घुंगरू देईना,
पिन काही सुटेना,
पक्कड पिन ओढेना,
बोल्ट सैल होईना,
बटण आत जाईना,
बाळ माझं गप्प राहीना!"

काकू म्हणाल्या, "अगं बये, येते की! पण हा मेला चहा निवेना! चहा प्यायल्याशिवाय मी उठत नसते."

चिचुंद्री चढली बशीच्या काठावर. फू! फू! फूऽऽऽ! मिशा ओल्या झाल्या. चहा निवला. काकू प्यायल्या. सुर्रर्र!

आणि उठल्या!

लाल बटण आत गेलं, टुक! साखळी थांबली. कुलूप लागलं, खट्! किल्ली सदऱ्याच्या खिशात. काकूंनी हिरवं बटण दाबून पाहिलं. साखळी ढिम्म! "आता कुणीही येऊ दे!"

बोल्ट सैल झाला, किर्र किर्र. पक्कडीनं पिन ओढली. पिन सुटली, सुळ्ळ! साखळी उघडली, खळ्ळ! घुंगरू पडलं.

छुन!

चिचुंद्री घुंगरू घेऊन पळाली.

"थांब गं!" काकू ओरडल्या. "उघडलेलं लावायचं कुणी? तुझ्या मामानं?"

चिचुंद्री थांबली. पिन आत गेली. बोल्ट घट्ट झाला. काकूंनी हाक दिली, "बाजूला व्हा! हात आवरा! पाय आवरा! शेपट्या आवरा!"

चिचुंद्रीनं शेपटी पोटाशी धरली. कुलूप निघालं. हिरवं बटण, टुक! खडखड, खडखड.

आणि छुन? छुन गेलं बिळात. छुन छुन! बाळ गप्प. अख्खी गल्ली गप्प.

तेवढ्यात कारखान्यातून हाक आली,

"चिचुंद्रे! दुसरा चहा आलाय गं. फुंकायला ये, चिक्की देते!"

तुरुतुरु, छुन छुन. फू फू, कुडुम!