तिकिटावर महाराज कुठे आहेत?

घनवलीच्या रणधीरराव महाराजांनी टपालाच्या तिकिटांवर आपल्या रानातले प्राणी आणि फुलं छापायचं ठरवलं, आणि दरबारचा चितारी म्हादू याची झोप उडाली.

कारण हुकूमच तसा होता. सदा धुक्यापावसात बुडालेल्या त्या रानात जनावर जसं दिसतं, अगदी तसंच तिकिटावर दिसलं पाहिजे. आणि प्रत्येक तिकिटावर महाराजही पाहिजेत!

म्हादूने चरणारा गवा काढला, शेजारी महाराज काढले. महाराज भडकले.

"आम्ही शेजारी उभे, आणि हा निवांत चरतोय? आम्ही शिकारी आहोत की गुराखी?"

म्हादूने पळणारा गवा काढला.

"हे काय? लोकांनी पत्रावर गव्याचा पार्श्वभाग चिकटवायचा? टाका याला कोठडीत!"

दुसऱ्या दिवशी म्हादूची मुलगी शेवंती स्वतः काढलेली चित्रं घेऊन दरबारात आली. शेकरू फणस कुरतडतंय, धनेश ढोलीतल्या मादीला फळ भरवतोय, गवा चरतोय, उंच फांदीवरून सीतेची वेणी हे रानफूल फुलून लोंबतंय. सगळं हुबेहूब!

"वा!" महाराज खूश झाले. मग भुवया चढल्या. "पण आम्ही कुठे आहोत?"

"आहात की, महाराज! प्रत्येक चित्रात. झाडामागे, बंदूक रोखून."

"मग दिसत का नाही?"

"दिसला असतात, तर यातलं एक तरी जनावर थांबलं असतं का?"

दरबारात कुणीतरी हसू दाबायला खोकलं. दिवाणजींना राहवेना. "आणि हे फूल गं? फूल कुठं पळतं?"

"पळता येत नाही म्हणून तर एवढं उंच जाऊन बसलंय, दिवाणजी! महाराजांची स्वारी खालूनच जाते ना!"

महाराजांनी चित्रं पुन्हा निरखली, मिशीवरून हात फिरवला आणि खदखदून हसले.

"आम्ही एवढे भयंकर! सोडा हिच्या बापाला! बोल पोरी, काय बक्षीस देऊ?"

"एकच, महाराज. ही तिकिटं चालू आहेत तोवर झाडामागून बाहेर येऊ नका. एक जरी बार काढलात, तर रान रिकामं होईल, आणि लोक म्हणतील, महाराजांची तिकिटं खोटी!"

महाराजांचं हसू अर्ध्यावरच थांबलं. त्यांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी छताकडे पाहिलं. मग मात्र महाराज असे हसले, की पगडी डोळ्यांवर आली.

"दिवाणजी, बंदुका कुलपात घाला!" हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी शेवंतीला दिलं. "हे घे, आणि बापाला घेऊन लवकर घर गाठ. आणखी काही मागितलंस, तर आमची गादीही झाडामागेच मांडावी लागेल!"