पाण्याची बारी दाखव!

फार मागची गोष्ट, बरं का. एका गावात एक पाटील होता. माणूस वाईट नव्हता, पण भलताच शहाणा! डोळ्याला दिसेल तेवढंच खरं, असं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. बायकोने "आज भाजी काय करू?" विचारलं तरी म्हणायचा, "मेथी दिसते, वांगं दिसतं. भाजी नावाची वस्तू कुठाय? दाखव!" ती बिचारी कपाळावर हात मारून घ्यायची.

घरात चालून गेलं हो. पण हे खूळ पाटापर्यंत पोचलं! गावाला एकच पाट. त्याचं पाणी बारीने मिळायचं, आज याच्या शेताला, उद्या त्याच्या. पाटील म्हणाला, "पाट दिसतो, पाणी दिसतं. बारी कुठाय? नुसती कल्पना!" आणि सगळं पाणी त्याने वरच्या अंगाच्या आपल्या उसाकडे वळवलं.

खालच्या अंगाला एका माळणीचा वांग्यांचा मळा होता. त्यावरच तिचं घर चालायचं. झाडांनी माना टाकल्या, तशी ती धावत चावडीवर आली.

"पाटील, आज पाण्याची बारी माझी आहे."

"दाखव."

"काय दाखवू?"

"बारी! लांबी, रुंदी, रंग, काहीतरी असेल की."

आता अशा माणसापुढे डोकं आपटायचं का? माळीण रडली, भांडली. पाटील ढिम्म.

दुसऱ्या दिवशी पाटील चावडीवर येतो तो काय, त्याच्या बैठकीवर माळीण!

"ऊठ! पाटील मी आहे!"

"मला एक मिशाळ माणूस दिसतोय. पाटीलकी काही दिसत नाही. दाखवा की!"

पाटलाने पागोटं पुढे केलं. "हे तर कापड," ती म्हणाली. पाटलाने कोतवालाला हाक मारली, "हिला उठव! माझा हुकूम आहे!" कोतवालाचं शेतही खालीच होतं, वाळलेलं. तो जागचा हलला नाही. "हुकूम कुठं दिसेना, पाटील," तो म्हणाला. सगळी चावडी हसली.

पाटील घामाघूम झाला. "अगं, तुम्ही सगळे मानता म्हणून मी पाटील!"

"मग पाण्याची बारी तरी आणखी कशाने होती?" माळीण म्हणाली.

पाटील तडक पाटावर गेला आणि त्याने आपल्या हाताने पाटाचं दार उघडलं. पाणी खाली आलं, पण तोवर निम्मा मळा जळून गेला होता. वर्षभर माळणीच्या घरचं धान्य पाटलाने भरलं. कोतवाल मात्र त्यानंतर हुकूम ऐकला की आधी माळणीकडे बघायचा.

तात्पर्य: जे सगळ्यांच्या मानण्यावर उभं असतं, ते दिसत नाही म्हणून जो मोडतो, तो स्वतःच्या पायाखालची जमीनही काढून घेतो.